शैलाचा खाकी कोट

गार्गीनं शैलाच्या खाकी कोटावर दूध ओकलं तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि शैलाची गाडी साडेसहाला सुटायची होती.

"आता काय करू?" शैला माझ्या दारात उभी राहून म्हणाली. खांद्यापासून खिशापर्यंत कोट भिजला होता.

"काढा तो. मी धुऊन ठेवते," मी म्हणाले. "दुसरा आहे ना?"

"डेपोत आहे, पेटीत. चुरगळलेला असेल."

तिनं गार्गीला माझ्याकडे दिलं, कोटावरचा बिल्ला काढून पर्समध्ये टाकला आणि कोट माझ्या हातात ठेवला. नुसत्या साडीत ती एकदम कुणीही वाटली. भाजीबाजारात दिसतात त्यातली एक. मला ते बघून बरं वाटलं.

फाटकातून बाहेर पडताना ती वळून म्हणाली, "तुमचं बरं आहे, अलकाताई. सकाळी उठून कुठं पळायचं नाही. घरातल्या घरात सगळं."

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. घाईत माणूस बोलतं तसं बोलली आणि गेली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

शैला दिघे संगमनेर डेपोत कंडक्टर होती. साडीवर खाकी कोट, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे. तेव्हा मशीन आलेलं नव्हतं आणि आमच्या डेपोत कंडक्टर बायका तिघीच होत्या. तिचा नवरा शिक्षक, नोकरी दुसऱ्या तालुक्यात, शनिवारी यायचा. सासर लांब. म्हणून तिची तेरा महिन्यांची गार्गी माझ्याकडे असायची. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर होतं. सहा वर्षं झाली होती. त्या वर्षी सात मुलं होती, त्यात गार्गी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांच्या आधी येणारी. माझी स्वतःची सोनल तेव्हा दुसरीत होती.

दुपारी तीनच्या सुमाराला शैला परत यायची. गार्गीला मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर दहा मिनिटं बसायची, चहा प्यायची आणि सांगायची. राजूरच्या गाडीत एका म्हातारीनं कोंबडी पदराखाली लपवली आणि कोंबडी नेमकी तिकीट फाडतानाच ओरडली. कळसजवळ एका दारुड्याला तिनं खाली उतरवला, आणि गाडीतली सगळी बाप्ये माणसं गप बसून बघत राहिली. अकोल्याच्या स्टँडवर कॉलेजच्या मुली तिला बघून म्हणाल्या, आम्हालाही असंच व्हायचंय. मी ऐकायचे, हसायचे, आणखी चहा द्यायचे. ती गेली की भांडी आपटायचे.

मनात म्हणायचे, तान्ही पोर परक्याकडे टाकून फिरते, हिला कसं करमतं. शेजारच्या जोशीकाकूंशी बोलतानाही असंच म्हणायचे. काकू मान हलवायच्या आणि मला वाटायचं, मी गार्गीच्याच काळजीनं बोलतेय.

त्या दिवशी कोट धुतला, गच्चीवर टाकला. एप्रिलचं ऊन होतं, अकरा वाजता कडक वाळला. इस्त्री केली. मुलं जेवून आडवी झाली होती, एकटी गार्गी जागी होती, कोपऱ्यात वाट्या वाजवत होती. कोट खुंटीला लावायला म्हणून आतल्या खोलीत नेला आणि कपाटाच्या आरशासमोर थांबले.

मी तो घातला. बटणं लावली. दंडात घट्ट होत होता, पण खांद्यावर बरोबर बसला. मी ताठ उभी राहिले. आरशातली बाई मला आवडली. मी हलक्या आवाजात म्हणाले, "तिकीट बोला, तिकीट." मग स्वतःचीच लाज वाटली, पण काढला नाही. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

मागून आवाज आला, "आई."

गार्गी रांगत दारापर्यंत आली होती. चौकट धरून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि पुन्हा म्हणाली, "आई. आई."

तोपर्यंत ती एकही शब्द बोलली नव्हती. पाण्याला मम् आणि मांजरीला म्याव, एवढंच. मी तिला उचललं. तिनं कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि तशीच राहिली. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. थोडा वेळ बघत राहिली आणि रडायला लागली.

पाळणाघर चालवताना मी एक गोष्ट कटाक्षानं पाळायचे. मूल पहिल्यांदा पालथं पडलं, उभं राहिलं, चाललं, तरी आईला सांगायचं नाही. दोन दिवसांनी तीच धावत येते, "अलकाताई, काल चार पावलं टाकली त्यानं," आणि आपण म्हणायचं, "हो का? आमच्याकडे तर अजून नाही." सहा वर्षांत हे मी एकदाही मोडलं नव्हतं. काही आयांना ते कळत असणार, पण त्याही कधी बोलल्या नाहीत.

तीन वाजता शैला आली. चुरगळलेल्या कोटात होती, घामेघूम झाली होती, पण चेहरा खुललेला होता. पुढच्या महिन्यापासून तिला पुण्याची गाडी मिळणार होती. ती सांगत होती, पुण्याची गाडी म्हणजे कसं, लांबचे प्रवासी, तिकिटं एकदा फाडली की निवांत, चंदनापुरीचा घाट उतरताना कसलं गार वारं लागतं. मी इस्त्रीचा कोट तिच्या हातात दिला.

"अय्या, इस्त्रीपण केलीत?"

"शैलाताई," मी म्हणाले, "आज गार्गी बोलली."

"काय?"

"आई म्हणाली."

शैलानं गार्गीकडे बघितलं. तिचं तोंड हसण्यासाठी उघडलं होतं. "कुणाला?"

"मला," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मी फक्त कोटाचं सांगितलं नाही.

शैलाचा चहा तसाच राहिला. तिनं गार्गीचं झबलं खाली ओढून नीट केलं, पुन्हा नीट केलं. "मला अजून नाही म्हणाली," ती म्हणाली.

"म्हणेल की. दिवसभर माझ्याकडे असते ना, म्हणून."

ती उठली आणि गेली. त्या दिवशी माझ्याकडून एकही भांडं आपटलं गेलं नाही. संध्याकाळी मी सोनलसाठी शिरा केला.

नंतरचे आठ दिवस शैला बदलली. तीनला यायची, कोट डेपोतच काढून ठेवून, पण गाडीतलं काही सांगायची नाही. गार्गीला समोर बसवून म्हणायची, "आई म्हण. म्हण ना, आ-ई." गार्गी तिच्या बांगड्यांशी खेळायची. एकदा शैला म्हणाली, "तुम्ही म्हणायला लावा बरं तिला, माझ्यासमोर." मी म्हणाले, "लहान पोर आहे, सांगून थोडंच बोलणार." खरं म्हणजे रोज दुपारी मीही तेच करत होते. गार्गीला जवळ घेऊन, गालाला गाल लावून, हळूच म्हणायचे, म्हण ना, आई. ती माझ्याकडे बघून हसायची, पण शब्द काही काढायची नाही. तो शब्द माझा नव्हता, हे मला आणि गार्गीला, दोघींनाही माहीत होतं. ते मला आणखीच लागायचं. शैला दिवसभर घरात नसते, कडेवर घेत नाही, घास भरवत नाही, तरी तो शब्द तिच्या कोटावर लिहिलेला असल्यासारखा.

नवव्या दिवशी शैला म्हणाली, "राजीनामा लिहिलाय. सोमवारी देते."

माझ्या हातात दुधाची बाटली होती. मी ती खाली ठेवली. "एवढ्यात कशाला? विचार करा."

"केला. ह्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, तुझी मर्जी. पोर दुसऱ्या बाईला आई म्हणायला लागली, तर मग मी हे करते कशासाठी?"

मी "बरोबर आहे" म्हणाले. खरंच म्हणाले. रात्री जेवताना मिस्टरांना सांगितलं. ते दूध संघात होते, बोलणं कमीच.

"एवढी नोकरी सोडते?" त्यांनी विचारलं. "तू तिला काही बोलली नाहीस? तुला तर..." ते थांबले आणि भाकरी मोडायला लागले. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

सोमवारी शैला दहा वाजता आली. सुट्टीच घेतली होती, जांभळी साडी नेसली होती, हातात लांबट पाकीट होतं. गार्गीला माझ्याकडे देऊन म्हणाली, "तासाभरात येते. उद्यापासून तुम्हाला त्रास नाही." मी फाटक लावलं आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. आता ही पण माझ्यासारखीच घरात, असं मी मनात म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले, म्हणून अजून लक्षात आहे.

अर्ध्या तासानं पोस्टमन आला. जुना माणूस, पांढऱ्या मिशा, खाकी कपडे. जोशीकाकूंचं रजिस्टर्ड पत्र होतं, काकू अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून आमच्या ओट्यावर टेकला. गार्गी माझ्या कडेवर होती. तिनं त्याला बघितलं आणि दोन्ही हात त्याच्याकडे टाकले.

"आई," ती म्हणाली. "आई, आई."

पोस्टमन हसून हसून खोकला. "नातवंडं झाली हो मला," तो म्हणाला, "आई कुणी म्हटलं नव्हतं."

गार्गी हसत नव्हती. ती माझ्या कडेवरून खाली घसरायला बघत होती, त्याच्याकडे जायला. तो सही घ्यायला काकूंच्या दारात गेला तसा तिचा ओठ बाहेर आला. त्याच्या पाठीकडे बघून ती आई म्हणत राहिली, हळू हळू, जणू तो आता ऐकणार नाही हे तिला कळलं होतं. म्हणजे रोज सकाळी शैला फाटकातून जायची तेव्हा ही पोर अशीच बघत असणार. मी तेव्हा तिला आत न्यायची घाई करायचे.

मी काकूंना हाक मारली. "अर्धा तास मुलं बघता का? मला डेपोत जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"आल्यावर सांगते."

स्टँडपर्यंत चालत पंधरा मिनिटं. मी दहा मिनिटांत गेले, गार्गीला कडेवर घेऊन, चप्पल कशी तरी अडकवून. मॅनेजरच्या ऑफिसबाहेर लाकडी बाक होता, त्यावर शैला बसली होती. आत साहेबांची मीटिंग चालू होती. पाकीट तिच्या मांडीवर होतं. मला बघून ती ताडकन उठली.

"काय झालं गार्गीला?"

"काही नाही. ती बरी आहे. तुम्ही बसा."

ती बसली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "त्या दिवशी मी तुमचा कोट घातला होता. आरशासमोर. तेव्हा ती आई म्हणाली. मला नाही म्हणाली. कोटाला म्हणाली, म्हणजे तुम्हाला. मग माझं तोंड बघून रडली. आज पोस्टमनला म्हणाली. खाकी दिसलं की तिला वाटतं तुम्हीच."

शैलाला कळायला थोडा वेळ लागला. बाजूनं ड्रायव्हर-कंडक्टर ये-जा करत होते, एक-दोघं थांबून बघायला लागले.

"तुम्ही माझा कोट घातला होता?"

"हो."

"का?"

हेच मला सांगायचं नव्हतं. वाटेत ठरवून आले होते, कोटाचं सांगायचं आणि निघायचं. पण ती विचारून थांबली, आणि मी बोलून गेले.

"मलाही कॉल आला होता," मी म्हणाले. "तुमच्याच भरतीत. लेखी परीक्षा पास झाले होते. यादीत माझं नाव तुमच्या खाली पाचवं होतं. अलका भास्कर वाकचौरे. मुलाखतीला गेले नाही."

"का नाही गेलात?"

"सोनल आठ महिन्यांची होती. सासूबाई म्हणाल्या, मला होणार नाही. आईकडे भावाची मुलं होती. ठेवायला कुणीच नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी पाळणाघर काढलं."

शैला म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला मुलं आवडतात."

"आवडतात," मी म्हणाले.

तिनं गार्गीला माझ्याकडून घेतलं. पाकीट पर्समध्ये घातलं, चेन लावली. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आठ दिवस मी झोपले नाही, अलकाताई. तुम्ही रोज मला चहा दिलात."

मी पायातली अडकलेली चप्पल नीट करायला लागले.

"उद्यापासून गार्गी येणार नाही. तिचे कपडे, बाटली ह्यांच्या हाती द्या, शनिवारी येतील."

ती गेली. शनिवारी तिचा नवरा पिशवी घेऊन गेला. शैलानं राजीनामा दिला नाही. विधवा नणंदेला आणून ठेवलं, असं नंतर कानावर आलं. पुण्याची गाडी तिला मिळाली. बाजारात दोनदा समोर आली, दोन्ही वेळा तिनं रस्ता बदलला.

मी पुढं वर्षभर मुलं सांभाळली. आधीपेक्षा चांगली सांभाळली, असं मला वाटतं. त्यानंतर पुन्हा भरती निघाली तेव्हा जाहिरात मिस्टरांनीच कापून आणली आणि ताटाशेजारी ठेवली. वयाच्या मर्यादेत मी जेमतेम बसत होते. फॉर्म भरला, बिल्ल्याची, म्हणजे कंडक्टरच्या लायसनची, परीक्षा दिली, प्रथमोपचाराचा दाखला काढला. ऑर्डर आली. महिन्याची मुदत देऊन पाळणाघर बंद करते म्हणून सगळ्यांना सांगितलं. कुणाची आजी आली, कुणी अंगणवाडी बघितली, दोघं जोशीकाकूंच्या भाचीकडे गेले.

एकीची सोय झाली नाही. माधुरी आभाळे, खासगी दवाखान्यात नर्स, मुलगा ओम सात महिन्यांचा. ती तीनदा घरी आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "ताई, सहा महिने थांबा ना. तो चालायला लागला की मी काहीतरी बघते."

"मला पंधरा तारखेला हजर व्हायचंय," मी म्हणाले. "आता थांबले तर परत मिळणार नाही."

तिनं मान हलवली. समजून हलवली, असं मी धरून चालले.

नव्या कंडक्टरला पहिले काही दिवस जुन्याबरोबर पाठवतात. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाला काय माहीत, त्यानं मला शैलाबरोबर लावलं, त्या आठवड्यात ती पुन्हा राजूरच्या गाडीवर होती. शैलानं यादी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि नेमून दिलेलं काम म्हणून मला शिकवायला लागली. ट्रे कसा धरायचा, पंच कुठं मारायचा, चढणारी माणसं मोजून डोक्यात कशी ठेवायची. सगळं नीट, काही न लपवता. फक्त मला नावानं हाक मारायची नाही. "मॅडम" म्हणायची, नाहीतर "अहो". तीन दिवस ती सराईतपणे गर्दीतून सरकत होती, माणसं तिला नावानं विचारत होती, आणि मी मागं ट्रे सांभाळत तिचा हेवा करत होते. खाकी अंगावर आली म्हणून तो गेला नाही.

तिसऱ्या दिवशी माधुरी गाडीत चढली. दोन मोठ्या पिशव्या, कडेवर ओम. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ओमनं मला ओळखलं आणि हात पुढं केला.

"एक अकोले," माधुरी म्हणाली.

"माहेरी निघालीस?"

"हो. आता तिकडंच. दवाखाना सोडला." ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. बिल्ल्याकडे, ट्रेकडे, पिशवीच्या पट्ट्याकडे बघत होती. डोळे भरलेले वगैरे नव्हते, कोरडेच होते. ती नजर मी लगेच ओळखली.

मी तिकीट फाडलं. सुट्टे देताना माझे हात चुकले, दोनदा मोजावे लागले.

मागं आले तेव्हा शैलानं विचारलं, "ओळखीच्या आहेत?"

"त्यांचं बाळ माझ्याकडे होतं. मी बंद केलं, मग कुणी मिळालं नाही त्यांना."

कळस गेलं, रस्त्याला खड्डे लागले, शैला खिडकीबाहेर बघत बसली होती.

अकोल्याला माधुरी उतरायला उठली. दोन पिशव्या आणि मूल तिला जमेना, म्हणून ओमला मी घेतलं. ती खाली उतरली, पिशव्या ठेवल्या, वळून हात वर केले. ओमनं माझं बोट घट्ट धरलं होतं, सोडेना. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याला छातीशी घेतलं आणि म्हणाली, "येते ताई." मी दारात उभी राहून ती स्टँडच्या कमानीतून बाहेर जाईपर्यंत बघत होते, आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे.

मागून शैलाचा आवाज आला, नेहमीच्या चहाच्या वेळचा, दीड वर्षापूर्वीचा.

"अलकाताई, बेल द्या. गाडी लेट होतेय."

मी दोरी ओढली, दोनदा.